सोयऱ्याच्या तीन हाका

पप्पा गुणगुणायला लागले की माय भांडी आपटायची. आमच्या घरातला माझ्या आठवणीतला सगळ्यात जुना आवाज हाच. ओट्यावर पप्पा जाळं मांडीवर घेऊन बसलेले, उजव्या हातात नायलॉनचा दोरा भरलेली सुई, डाव्या हाताच्या बोटांत जाळ्याचा फाटलेला डोळा, आणि तोंडातून येणारा एक बारीक, थांबत थांबत चालणारा सूर. आत मोरीवर माय. सूर जरा लांबला की पातेल्यावर पातेलं आदळायचं, तांब्या घंगाळाच्या काठावर वाजायचा. पप्पा गप्प व्हायचे. मग थोड्या वेळाने पुन्हा सुरू. मला वाटायचं मायला गाणं आवडत नाही. रविवारी देवळात मात्र तीच माय सगळ्यांत खड्या आवाजात गायची, म्हणून मला ते कोडं सुटायचं नाही.

आमची वाडी रेवदंड्याच्या खाडीच्या अलीकडच्या अंगाला. पन्नासेक ख्रिस्ती घरं, नारळी, मधोमध देऊळ. देऊळ म्हणजे चर्चच, पण आम्ही सगळे देऊळच म्हणायचो. समोर पलीकडच्या काठावर कोळ्यांची वस्ती. वारा फिरला की त्यांच्या सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आमच्या घरात यायचा आणि आमच्या देवळाची घंटा त्यांच्या अंगणात जायची. ती घंटा पप्पाच वाजवायचे. पूर्वी ते मासेमारीला जायचे, स्वतःची होडी होती, आणि पूर्वी ते खूप दारू प्यायचे, एवढं मला ठाऊक होतं, कारण ते सगळ्या वाडीला ठाऊक होतं. मी सात-आठ वर्षांची असताना त्यांनी होडी विकली, दारू सोडली आणि लोकांची जाळी शिवायला घेतली. देवळाचा केरवारा, घंटा, मेणबत्त्या हेही त्यांच्याकडे आलं. फादर प्रवचनात कधी कधी त्यांचा दाखला द्यायचे. पास्कूसारखा माणूस सुधारतो तर कोणीही सुधारू शकतो, अशा अर्थाने. लोक वळून पप्पांकडे बघायचे, पप्पा जमिनीकडे बघायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा.

घरात आम्ही तिघंच. पप्पा, माय आणि मी, बेला. सकाळी तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी, दुपारी आंबटात शिजवलेला बांगडा आणि भात, सणाला वडे. पप्पा जेवायला बसले तरी त्यांचं बूड जमिनीला टेकायचं नाही. दोन घास झाले की उठून दारापर्यंत जाणार, खाडीकडे बघणार, परत येणार. माय म्हणायची, "कोण यायचंय का?" ते म्हणायचे, "न्हाय, सहजच." असं ताट अर्धं करून त्यांचं दारापर्यंत जाणं मी इतकी वर्षं पाहिलं, की सगळेच बाप असं जेवत असतील असं मला वाटायचं. लग्नानंतर नवरा एका जागी बसून शांतपणे जेवताना पाहिला तेव्हा पहिल्या दिवशी मला चुकल्यासारखंच वाटलं होतं.

पप्पा दुसरीपर्यंत शिकलेले. अक्षरं जोडून वाचायचे, पण लिहायला गेले की बोटं सुजल्यासारखी व्हायची. म्हणून त्यांच्या मनात आलेलं गाणं कागदावर उतरवायचं काम माझं. मी तेव्हा दहावीत होते. शाळेतून आले की निळ्या पुठ्ठ्याची वही घेऊन ओट्यावर बसायचं आणि ते जाळं शिवता शिवता सांगतील ते लिहायचं. एक ओळ सांगून ते बराच वेळ गप्प राहायचे. मग म्हणायचे, "ते खोड." मी खोडायची. कधी आठवडाभर एकच ओळ लिहायची आणि खोडायची. अशी त्यांची पाच-सहा गाणी झाली होती, साधीच, नाताळची, मरियामातेची. देवळात ती म्हटली जायची आणि विसरली जायची. ज्या गाण्याची ही हकीगत आहे ते मात्र एका दुपारी, एका बैठकीत आलं. मला चांगलं आठवतं, त्या दिवशी त्यांनी जाळं खाली ठेवलं होतं आणि हात नुसतेच गुडघ्यांवर होते.

पाण्यावरून हाक आली, सोयऱ्या, ये ना रे,
सुकाणू मी घट्ट धरले, वळलो मात्र ना रे.

दुसरी हाक आली तेव्हा ओळखिला मी सूर,
ओळखुनीही नाव माझी नेली मी दूर.

तिसरी हाक अर्धी आली, अर्धी पाण्यात गेली,
तेव्हापासून कानी माझ्या तीच भरून राहिली.

इथे ते थांबले. मी म्हटलं, "पप्पा, असं कसं संपेल? देव कुठे आला यात?" ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "व्हय. देव पायजे." आणि चौथं कडवं त्यांनी सांगितलं. त्यात पापी माणूस मागे वळतो, देवाचे पाय धरतो, आणि शेवटची ओळ अशी, की ज्याला मी टाकून आलो त्यानेच मजला तारिले. मी खूश झाले. आता ते गाणं झालं होतं. आत मायने एकही भांडं वाजवलं नाही. मी पाणी प्यायला गेले तर ती चुलीपुढे पाटावर बसली होती आणि चूल विझलेली होती.

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत ते गाणं पहिल्यांदा देवळात म्हटलं गेलं. आमच्याकडे गायला मारीमावशी पुढे असायची, पेटीही तीच वाजवायची. तिसऱ्या कडव्याला तिचा आवाज फुटला आणि तिने नुसतीच पेटी वाजवत ठेवली. मागच्या बाकांवरून हुंदके ऐकू आले. फादर वसईकडचे, वयाने तरुण, त्यांना गाण्याची जाण होती. ते म्हणाले, पेत्राने प्रभूला तीनदा नाकारलं, तशा या तीन हाका. आणि सोयरा हा शब्द तर त्यांना फारच भावला. "प्रभू आपल्याला दास म्हणत नाही, पापी म्हणत नाही. सोयरा म्हणतो," असं त्यांनी त्या रविवारी सांगितलं. देवळाबाहेर लोक पप्पांचे हात हातात घेऊन उभे राहत होते. मारीमावशी म्हणाली, "पास्कू, तुला हा शब्द सुचला कुठून?" पप्पा म्हणाले, "कानावर होता."

पुढच्या काही महिन्यांत त्या गाण्याची कॅसेट निघाली. फादरांनीच पुढाकार घेतला. अलिबागहून एक माणूस यंत्र घेऊन आला, देवळाच्या खिडक्यांना गोधड्या लावल्या, आणि आम्ही बारा जणांनी ते गाणं सहा वेळा म्हटलं तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं. कॅसेट वसईला गेली, मुंबईला गेली. पत्रं यायला लागली. ती मीच वाचून दाखवायची. एका नर्सने लिहिलं होतं की रात्रपाळीला जाताना ती हे गाणं म्हणते. पेणच्या एका ट्रकवाल्याने लिहिलं, भावाशी वीस वर्षं बोलत नव्हतो, गाणं ऐकून त्याच्या घरी गेलो. एका म्हाताऱ्याने नुसतंच लिहिलं होतं, माझ्याही कानात एक हाक आहे, तुम्हांला कसं कळलं? हे पत्र ऐकून पप्पा उठले आणि देवळाकडे निघून गेले. घंटेची वेळ नव्हती. लोक रविवारी रेवदंड्याहून रिक्षा करून त्यांना भेटायला यायचे. त्यांच्याकडून प्रार्थना करून घ्यायला बसायचे. पप्पा अंग चोरून बसायचे आणि लोक निघून गेले की ओट्यावर येरझाऱ्या घालायचे. गाणं जसं पसरत गेलं तशी त्यांची घालमेल वाढत गेली. मला वाटायचं मोठेपण अंगावर आलं की माणूस असाच होत असेल.

आमच्या देवळाच्या सणाला पलीकडच्या काठावरचे कोळीही यायचे. मेणबत्त्या लावायचे, खाऊ घ्यायचे, संध्याकाळच्या आत परत जायचे. त्या वर्षी कर्णा लावला होता आणि कॅसेट पुन्हा पुन्हा वाजत होती. मी देवळाच्या पायरीवर मेणबत्त्यांच्या टोपलीशी बसले होते. एक कोळीण माझ्यापाशी येऊन उभी राहिली. चाळिशीची असेल, हिरवं लुगडं, डोक्यावर रिकामी पाटी. हिराबाई. रेवदंड्याच्या बाजारात सुकी मासळी विकायची, म्हणून मी तिला तोंडओळखीने ओळखत होते. पप्पांच्या होडीवर पूर्वी धर्मा नावाचा माणूस होता, तो बुडून गेला, त्याची ती बायको, हेही कधीतरी ऐकलं होतं. बाजारात पप्पा तिच्या रांगेला जायचे नाहीत हे मात्र मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं.

ती म्हणाली, "पोरी, ह्या गाण्यात काय म्हणतात? पाण्यावरून काय?"

"पाण्यावरून हाक आली, सोयऱ्या, ये ना रे."

"सोयऱ्या?"

"देव आपल्याला सोयरा म्हणतो," मी फादरांचं वाक्य म्हटलं.

"पुढं सांग. सावकाश सांग."

मी पायरीवर बसूनच तिला चारही कडवी सांगितली. ती डोक्यावरची पाटी खाली न ठेवता ऐकत होती. तिसऱ्या कडव्याशी तिने एक हात भिंतीला लावला. झाल्यावर म्हणाली, "तुझ्या बापसाला सोयऱ्या कोण म्हणायचा, ठाव हाय तुला? एकच माणूस म्हणायचा. माझा दादला." मग पाटी सावरत, "बापसाला सांग, हिराबाय विचारत होती. हाका मारल्या त्यानं?" एवढं बोलून ती तरीच्या होडीकडे निघून गेली. मेणबत्ती तिने लावली नाही.

मी धावत घरी गेले नाही. टोपली सांभाळत तशीच बसून राहिले आणि कर्ण्यातून येणारा माझाच आवाज ऐकत राहिले. बारा जणांत मीही होते. जे गाणं मी शंभर वेळा म्हटलं होतं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. सुकाणू. नाव. पाणी. त्यात कुठे काही झाकलेलं नव्हतं. सगळं उघड होतं आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याचा अर्थ दुसरा लावला होता.

घरी गेल्यावर मी मायसमोरच पप्पांना हिराबाईचा निरोप सांगितला. पप्पा खाली बसले. म्हणजे खरोखर बसले, भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. वारा चढत होता. ते सकाळपासून प्यायलेले होते. धर्मा म्हणत होता आज नको, पण जाळी पाण्यात टाकलेली होती, ती आणायला दोघं गेले. परतताना खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत होत्या तिथे दोर इंजिनाच्या पंख्यात अडकू नये म्हणून धर्मा मागे वाकला आणि लाटेने त्याला उचललं. त्याने हाक मारली. पप्पांनी सुकाणू वळवलं नाही. "वळलो असतो तर होडी आडवी झाली असती, दोघं गेलो असतो, असं मी रोज सांगतो मला. असेलही तसं. पण तेव्हा मी ह्यातलं काय बी विचारात घेतलं न्हवतं. मी भ्यालो व्हतो. बाकी काय न्हाय." धर्मा दोन दिवसांनी मुरुडच्या बाजूला मिळाला.

"आणि लोकांना काय सांगितलंस?" मी विचारलं.

उत्तर मायने दिलं. "लोकांना सांगितलं की दोघंही प्यायले होते आणि धर्माचा तोल गेला. कुणाला कळायच्या आत पडला. ते सांगायला मी सुचवलं. ह्याच्या तोंडाचा वास सगळ्या बंदराला येत होता. पोलीस विचारणार होते. तू सात वर्षांची होतीस."

मी मायकडे बघितलं तर ती पदराने ओटा पुसत होती, जिथे काही सांडलेलं नव्हतं.

"मी जातो तिच्याकडे," पप्पा म्हणाले.

"कशाला?" माय म्हणाली. "तो परत येणार आहे? आता कुठे माणसांत जागा मिळाली आपल्याला. पोरीचं लग्न व्हायचंय. फादर तिला नर्सिंगला पाठवायचं म्हणतायत. देवाला कळलंय ना सगळं? गाण्यातनं सांगितलंस ना त्याला?"

"देवाला सांगितलं," पप्पा म्हणाले. "जिला सांगायला पायजे व्हतं तिच्या दारावरनं मी आठ वर्षं गेलो न्हाय."

मी आज मायच्या त्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि मला तिचा राग येत नाही. तेव्हा आला होता. तिच्या हातचं पाणीसुद्धा नको वाटत होतं. पण एक बाई, दारात भिजलेला, प्यायलेला, भ्यालेला नवरा, आणि मागे शाळेचं दप्तर घेऊन उभी असलेली मुलगी. तिने जे हाताला लागलं ते उचललं. ते दुसऱ्या बाईच्या घरातलं होतं हे तिला तेव्हा दिसलं नसेल, किंवा दिसलं असेल.

दोन दिवसांनी, सणाची धामधूम उतरल्यावर, पप्पा आणि मी तरीने पलीकडे गेलो. पप्पांनी मला यायला सांगितलं नव्हतं, मीच त्यांच्या मागोमाग होडीत चढले आणि ते नको म्हणाले नाहीत. दुपारची वेळ होती. हिराबाईच्या अंगणात दोऱ्यांवर बोंबील टांगलेले होते आणि ती खालून चालत ते उलटे करत होती. घरात तिची मुलगी होती, माझ्याच वयाची, दारात उभी राहिली. पप्पा अंगणाच्या कडेला थांबले.

"वहिनी," ते म्हणाले.

"बोल," हिराबाई म्हणाली. ती बोंबील उलटे करतच होती.

पप्पांनी सांगितलं. आम्हांला घरी सांगितलं तेवढंच, त्याच शब्दांत. मायचं नाव त्यांनी घेतलं नाही. दारूचं खोटं मीच बोललो, म्हणाले. शेजारची दोन-तीन माणसं कुंपणापाशी आली होती. हिराबाईचे हात कधी थांबले मला कळलं नाही.

"म्हणजे तो प्यायला न्हवता?"

"न्हाय. मी प्यायलो व्हतो. त्यानं बाटलीला हात लावला न्हाय."

"कंदीच?"

"त्या दिवशी न्हाय. त्याच्या आधी वर्षभर न्हाय. मी रोज द्यायचो, तो म्हणायचा लेकीची शपथ हाय."

हिराबाई मुलीकडे वळली. "आयकलास?" ती म्हणाली. मग पप्पांकडे. "हिच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ त्यानं मोडली, म्हणून देव कोपला, असं मी ह्या पोरीला सांगत आलू. आठ वर्षं मी मेलेल्या माणसाशी भांडत हाय, पास्कू. त्याच्या नावानं दिवा लावला न्हाय मी. लोक म्हणायचे दारुडा मेला, मी म्हणायची व्हय, मेला." तिचा आवाज चढला नव्हता. उलट ती इतकी हळू बोलत होती की कुंपणापाशी आलेल्या माणसांनी माना पुढे काढल्या होत्या. "किती हाका मारल्या?"

"तीन."

"सोयऱ्या म्हणून?"

"पयल्या दोन. तिसरीत नाव तुझं होतं. अर्धंच."

ती दोऱ्यांखालच्या मातीत बसली. मुलगी धावत आली. पप्पा पुढे झाले तेव्हा हिराबाईने हात वर करून त्यांना तिथेच थांबवलं. ती म्हणाली, "माफी बिफी माझ्याकडं मागू नको. ती माझ्याकडं न्हाय. तू बाजारात बोलला व्हतास ना, धर्मा प्यायला व्हता म्हणून? तर जिथं जिथं बोललास तिथं तिथं जाऊन सांग, तो प्यायला न्हवता. तुझ्या देवळात पन सांग. ते गाणं म्हणतात तिथं."

पप्पांनी ते केलं. बंदरावर सांगितलं, बाजारात भर दुपारी मासळीच्या ओट्यांमधून फिरून सांगितलं, चौकीत जाऊन सांगितलं. चौकीतल्या हवालदाराने जुनं प्रकरण आहे म्हणून नुसतं ऐकून घेतलं आणि परत पाठवलं. आणि रविवारी मिस्सा संपताना फादरांची परवानगी घेऊन पप्पा वेदीच्या पायरीपाशी उभे राहिले. फादरांना वाटलं होतं की सत्काराबद्दल चार शब्द बोलणार असतील. वसईला मोठ्या मेळाव्यात त्यांचा सत्कार ठरला होता. पप्पा बोलायला लागले तसा फादरांचा चेहरा उतरत गेला. बाकांवर कुजबुज झाली, मग तीही थांबली. मारीमावशीने पेटीचा भाता बंद करून कडी लावली, तो आवाज देवळाच्या शेवटच्या बाकापर्यंत गेला. काही माणसं उठून निघून गेली. मारीमावशी पण.

लोक दारू सोडून सुधारलेल्या पास्कूवर प्रेम करत होते. त्याचा भूतकाळ त्यांना हवा होता, कारण तो धुऊन वाळत घातलेला होता. हा दुसरा भूतकाळ ओला होता, त्याला वास होता. त्या संध्याकाळी मारीमावशी आमच्या ओट्यावर येऊन म्हणाली, "मी त्या गाण्यावर रडले, पास्कू. माझ्या आईच्या मरणालाही मी एवढी रडले नव्हते. तू मला तुझ्या पापावर रडायला लावलंस आणि मला वाटलं मी प्रभूसाठी रडतेय." पप्पा म्हणाले, "मावशी, मला पन तसंच वाटायचं." त्यानंतर ती दोन वर्षं आमच्याकडे आली नाही. सत्कार रद्द झाला. ज्यांनी पत्रं पाठवली होती त्यांच्यातल्या काहींनी पुन्हा पाठवली. एकाने कॅसेटच परत केली, फीत बाहेर ओढून. पेणच्या ट्रकवाल्याने लिहिलं, गाणं कुणी का लिहिलं असेना, माझा भाऊ माझ्याशी बोलतो आहे. आणि त्या म्हाताऱ्याचं एक कार्ड आलं, त्यावर फक्त, आता माझीही वेळ आली, असं लिहिलेलं. त्याचं पुढे काय झालं ते कधी कळलं नाही. फादरांनी ते गाणं आमच्या देवळात बंद केलं. माझं नर्सिंगला जाणंही मागे पडलं, ते पुढे दोन वर्षांनी दुसऱ्याच फादरांनी जुळवलं.

हल्ली माझ्या नणंदेची मुलगी मला मोबाइलवर ते गाणं दाखवते. कुठल्या कुठल्या शहरांतले तरुण गिटारवर म्हणतात, चांगलं म्हणतात. खाली कुणीतरी हकीगत टाकलेली असते, की एका व्यसनी कोळ्याला वादळात प्रभूचा आवाज आला आणि तो घरी येऊन हे गाणं लिहिता झाला. त्याखाली शेकडो जण हात जोडतात. एकाने लिहिलं होतं, मी जीव द्यायला निघालो होतो, हे ऐकून थांबलो. अशा माणसाला मी काय कळवू? दोनदा उत्तर लिहायला घेतलं आणि पुसलं. म्हणून हे प्रकरण इथे लिहून ठेवते आहे. ज्याला शोधायचं असेल त्याला सापडावं, बाकीच्यांनी गात राहावं.

सगळं उघड झाल्यावर पप्पा शांत झाले असतील असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही. ताट अर्धं करून दारापर्यंत जाणं चालूच राहिलं. फक्त गुणगुणणं बंद झालं, आणि गंमत अशी की मायला ते सोसवेना. एका सकाळी तिने नवं लुगडं नेसलं आणि मला म्हणाली, "मी पलीकडे जाऊन येते." मी येऊ का विचारलं तर नको म्हणाली. दुपारी परत आली तेव्हा लुगड्याचे काठ ओले होते आणि पदरात बांधलेले सुके बोंबील होते. काय बोलणं झालं ते तिने मला कधी सांगितलं नाही, पप्पांनाही नाही. बोंबील तिने त्याच दिवशी भाजले. त्यानंतर हिराबाई वर्षातून एकदोनदा बाजारातून परतताना आमच्या ओट्यावर टेकायची. पाणी प्यायची. पप्पांशी बोलायची नाही, पण ते समोर असले तरी उठून जायची नाही.

एकदा तशीच बसलेली असताना तिने मला ते गाणं म्हणायला सांगितलं. मी पप्पांकडे पाहिलं, ते जाळ्यात बघत होते. मी म्हटलं. चौथं कडवं झाल्यावर ती म्हणाली, "हा शेवटचा तुकडा खोटा हाय."

पप्पांनी वर पाहिलं.

"ज्याला टाकून आलो त्यानं तारलं, म्हणे. त्यानं कुणाला तारलं न्हाय. तो बुडला." ती पाटी डोक्यावर घेऊन निघून गेली. पप्पांनी मला निळी वही आणायला सांगितली आणि म्हणाले, "ते खोड." मी ते कडवं खोडलं. मी सुचवलं म्हणून आलेलं ते कडवं होतं, आणि माझ्याच हाताने गेलं.

पप्पा गेले तेव्हा मी अलिबागला नोकरीला होते. सकाळी निरोप आला, दुपारपर्यंत मी पोचले. वाडी जमली होती. मारीमावशी खूप थकली होती, तरी तिने पेटी देवळातून उचलून आणवली होती. नवे फादर दारात येऊन मायला विचारू लागले, दफनाला कोणतं गाणं म्हणायचं. पास्कूचंच म्हणूया का, असं कुणीतरी हळूच म्हणालं. माय मान हलवत होती, नको, नको. हिराबाई तिच्या शेजारी जमिनीवर बसलेली होती. ती पलीकडून कधी आली ते कुणी पाहिलं नव्हतं.

"म्हणा," ती म्हणाली. "तीनच म्हणा."

आम्ही तीन म्हटली. आमच्यात मुंबईहून आलेले काही नातलग होते, त्यांना चौथं कडवं पाठ होतं, त्यांनी सवयीने सुरुवात केली आणि बाकी कुणी गात नाही हे पाहून मध्येच थांबले. मग फक्त माती पडल्याचा आवाज येत राहिला. मायने मूठभर टाकली, मी टाकली. हिराबाई आमच्या मागे उभी होती. तिने खाली वाकून मातीचं एक ढेकूळ उचललं, बराच वेळ हातात धरून ठेवलं, आणि आम्ही सगळे निघालो तरी ती ते धरून तिथेच उभी होती.